गालावरचा तीळ

“नीट बघा. घाई नाही,” हवालदार खाडे म्हणाले आणि त्यांनी फोटो काउंटरवरून त्या दोघांच्या पुढे सरकवला.

बाईनं पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. ती फोटोकडे बघतच नव्हती. आमच्या भिंतीवर नवरा-नवरींचे मोठे फोटो लावलेले होते, त्यांच्याकडे बघत उभी होती. पुरुषानं फोटो उचलला आणि दाराच्या उजेडाकडे वळवून धरला. पन्नाशीचा असेल. पायात वहाणा नव्हत्या, पिंढऱ्यांपर्यंत चिखल होता. आठ कोस चालत आले होते दोघं.

फोटो एका मेलेल्या मुलीचा होता. आदल्या दिवशी नदीच्या वळणावर सापडलेली. प्रेत एव्हाना बघण्यासारखं राहिलं नव्हतं, म्हणून खाडे दोघांना फोटो दाखवायला आमच्या स्टुडिओत घेऊन आले होते. दोन दिवस पाण्यात असावी, असं आबा तिचा फोटो काढून घरी आल्यावर म्हणाले होते. ते त्या दिवशी जेवले नाहीत.

तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं फोटो खाली ठेवला आणि फोटोतल्या गालावर, डाव्या डोळ्याच्या खाली बोट टेकवलं.

“ही आमची न्हवं.”

“नक्की?”

“हिच्या गालाव तीळ हाय. आमच्या सगुणाला तीळ न्हाई.”

तेव्हा कुठं बाई वळली. तिनं आधी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, मग फोटोकडे अर्धा क्षण, आणि तिथंच काउंटरला धरून खाली बसली. रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. “म्या म्हनलं न्हवतं? म्या म्हनलं न्हवतं तुमास्नी? जित्ती हाय माजी बाय. कुटंतरी हाय.”

“गप हौसा,” तो म्हणाला.

खाडे हवालदार चांगला माणूस होता. त्यांनी मला पाणी आणायला सांगितलं. मग तिथंच काउंटरवर कागद घेऊन जबाब लिहिला: मी दगडू शिसाळ, माझी मुलगी सगुणा सासरहून बेपत्ता आहे, मला दाखवलेल्या फोटोतील स्त्रीच्या डाव्या गालावर तीळ आहे, माझ्या मुलीस तीळ नाही, सबब ही माझी मुलगी नव्हे. आमच्या शिक्क्याच्या पॅडवर दगडूनं अंगठा टेकवला आणि कागदावर उठवला.

“मग आज संध्याकाळी पुरून टाकतो आम्ही,” खाडे मला म्हणाले. “ह्या हवेत ठेवता येत नाही. तू पाकिट तयार ठेव पोरी, चारला येतो.”

ते तिघं गेले. मी फोटो गोळा करायला लागले.

हे चौऱ्याहत्तर सालातलं, श्रावणातलं. आमचं गाव कृष्णाकाठचं, तालुक्याचं. माझे वडील, तेरदाळकर आबा, तिथले एकटेच फोटोग्राफर. आई लहानपणीच गेलेली. मॅट्रिकनंतर मी स्टुडिओतच राहिले. फोटो आबा काढायचे, डार्करूम दोघांची, आणि धुऊन वाळल्यानंतरचं सगळं काम माझं. कडा कापायच्या, डाग भरायचे, पाठीवर लिहायचं.

पाठीवर लिहिण्याबद्दल आबा फार काटेकोर होते. “फोटोचं तोंड गिऱ्हाईक बघतं, पाठ मी बघतो,” म्हणायचे. काचेवर स्वच्छ कागद, त्यावर फोटो पालथा, मऊ शिशाची पेन्सिल, कडेलगत, हलक्या हातानं. बॉलपेन नाही, कारण दाबलेल्या अक्षरांचे वळ समोर चेहऱ्यावर उमटतात. डिंक नाही, कारण तो पिवळा पडतो. आणि शाई तर अजिबात नाही. लोक म्हणायचे, आबा, पेन्सिल खोडली जाते. आबा म्हणायचे, “कुणी खोडली तर जाते, आपली आपण जात नाही. शाईचं उलट आहे. ती दमट हवेत कुठं चालत जाईल सांगता येत नाही.”

फक्त पोलिसांच्या कामाला शाई लागायची. पेन्सिलीची सही कोर्टात चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. तीन प्रती, प्रत्येकीच्या पाठीवर नंबर, तारीख, वर्णन, आमचा शिक्का आणि खाली आबांची सही. त्यासाठी आबांचा वेगळा नियम होता. लिहिलेली प्रत निदान तीन तास एकेकटी पसरून ठेवायची, आणि एकावर एक ठेवायचीच वेळ आली तर मध्ये बटरपेपर घालायचा.

त्या सकाळी आबा सह्या करून एका बारशाच्या कामाला भिलवडीला गेले होते. बटरपेपर संपला होता. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि भिंतींना हात लावला तर ओल लागत होती. मी तिन्ही पाठींवर लिहिलं, “अनोळखी स्त्री, वय अंदाजे बावीस.” एका ठिकाणी निबातून शाईचा थेंब सांडला, तो मी टिपकागदानं टिपला आणि तिन्ही प्रती एकावर एक ठेवून चहा करायला गेले. एवढंच. तेवढ्यात खाडे त्या दोघांना घेऊन आले आणि त्यांनी गठ्ठ्यातली सगळ्यात खालची प्रत ओढली.

ते गेल्यावर मी तिन्ही प्रती हातात घेतल्या, तर दोन प्रतींवर त्या मुलीच्या गालावर काहीच नव्हतं.

मी निगेटिव्ह काढून खिडकीशी धरली. गाल स्वच्छ होता. तिसऱ्या प्रतीवरचा तीळ निळसर होता. उजेडात तिरपा धरला तरच निळा दिसणारा. वरच्या प्रतीच्या पाठीवरचा थेंब खालच्या चेहऱ्यावर उतरला होता.

मी ओल्या कापसानं पुसून बघितलं. शाई पसरली आणि गालावर डाग झाला.

तेव्हा साडेबारा वाजले होते. मी ठाण्यात धावत जायला हवं होतं. ते दोघं अजून एस.टी. स्टँडच्या पुढे गेले नसते. प्रेत अजून जमिनीवर होतं. हे मला तेव्हाही कळत होतं, पुढं सुचलेलं शहाणपण नाही हे. पण मला दिसत होते ते आबा. बारशाचं काम संपवून, दमून आलेले आबा, आणि त्यांना सांगायचं की तुमच्या सहीच्या फोटोवर मी डाग पाडला आणि त्या डागावर पोलिसांनी जबाब घेतला.

मी डार्करूममध्ये गेले आणि नवी प्रत काढली. पंख्याखाली वाळवली. पाठीवर सगळं पुन्हा लिहिलं, शिक्का मारला. आबांची सही मी रोज बघायची. तेरदाळकरमधला ‘ळ’ ते कसा ओढतात, ते मला पाठ होतं. मी सही केली. मग डाग पडलेल्या प्रतीचे तुकडे करून चुलीत घातले. चारला खाडे आले, पाकिट उघडूनसुद्धा न बघता घेऊन गेले. संध्याकाळी त्या मुलीला पुरलं.

पुढच्या गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, दगडू शिसाळ एकटा स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसला.

“बाई, नवीन काय गावलं का?”

“नाही हो.”

“मंग जुनंच दावा की जरा.”

पोलिसांच्या प्रत्येक कामाची एक जादा प्रत आम्ही आमच्याकडे ठेवायचो. मी ते पाकिट काढलं.  आमच्या प्रतीवर तीळ नव्हता. त्याला आता दिसणार होतं.

त्यानं फोटो दोन्ही हातांत धरला, तळव्यांवर ठेवल्यासारखा. बघितला. परत दिला. “बरं,” म्हणाला, आणि उठून बाजारात गेला.

त्याच्या पुढच्या गुरुवारी परत आला. त्याच्याही पुढच्या. भाजी विकून झाली की यायचा. कधी चार भोपळी मिरच्या, कधी दोडका पायरीवर ठेवायचा. आबा म्हणायचे, “का दर गुरुवारी येतो बिचारा? ही आपली नाही, असं म्हणाला होता ना?” मी म्हणायची, “मनाला खात्री नसेल.” फोटो हातात घेतल्यावर तो एक शब्द बोलायचा नाही. दर वेळी मी वाट बघायची, की आता विचारेल, तीळ कुठं गेला? दर वेळी तो “बरं” म्हणून उठायचा. बुधवारी रात्री मला झोप लागेनाशी झाली.

असे अकरा गुरुवार गेले. दिवाळी होऊन गेली होती. त्या दिवशी आबा नव्हते. मी पाकिट दिलं आणि एकदम बोलून टाकलं.

“तात्या, त्या दिवशी तुम्ही बघितला तो तीळ नव्हता. शाई होती. माझ्या हातनं पडली. तिला... ह्या मुलीला तीळ नाही.”

तो फोटोवरून नजर न काढता म्हणाला, “ठावं हाय.”

“काय?”

“बाप हाय म्या तिचा. तिळावनं वळखू व्हय लेकीला?”

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले.

“मग नाही का म्हणालात?”

त्यानं रस्त्याकडे बघून घेतलं. मग आवाज खाली आणून बोलला. “माज्या दोन्ही पोरी एकाच घरात दिल्यात, बाई. सख्ख्या जावा. लोक म्हनायचे, दगडूचं नशीब थोर, एका मांडवात दोन्ही उजावल्या. थोरलीला मूल हुईना, तवा मारायला लागले. शेवटाला नदीत टाकली. धाकटी फुला त्याच घरात हाय. दिवस गेलेत तिला. ज्या दिशी म्या हिला माजी म्हनंन, त्या दिशी फुला त्या घरातनं भाईर येत न्हाई. पंचमीला आनायला गेल्तो, धाडली न्हाई. आता सातवा लागला की बाळातपनाला धाडत्याल, धाडावंच लागतंय. तवर ही माजी न्हवं.”

“आणि त्या बाई? तिची आई?”

“हौसाच्या पोटात ऱ्हात न्हाई काय. ती गावभर बोंबलंल. तिला जित्तीच वाटूंद्या सध्या.”

“मग तुम्ही दर गुरुवारी कशाला...”

“तिचा दुसरा फोटू न्हाई आमच्याकडं,” तो म्हणाला. “लग्नात काडला न्हाई. म्हनलं, कशाला खर्च.”

त्यानं फोटो माझ्याकडे दिला. मी तो पाकिटात घालत होते तेव्हा तो म्हणाला, “तुमी शाई सांडली ते बरं केलं. त्या दिशी म्या आत शिरलो आन् वळखली. तोंडातनं सबुद भाईर पडनारच हुता. तेवड्यात त्यो डाग दिसला. देवानंच दावला. आता फुला घरी आली की फौजदारास्नी सांगनार, डागावनं फसलो. त्यो डागाचा फोटू हाय की त्येंच्या फाइलीत. बघत्याल आन् म्हनत्याल, खरंच की, कुनीबी फसंल.”

मी पाकिट बंद करत राहिले.

“हाय न्हवं त्यो?”

  मग मी मान हलवली. होय म्हणून हलवली.

मार्गशीर्षात फुला माहेरी आली. चौथ्या दिवशी आम्हाला ठाण्यात बोलावणं आलं. आबा कोट घालून निघाले, मला म्हणाले, “निगेटिव्ह घे आणि चल. काहीतरी चौकशी दिसते.”

फौजदार नवीन होता, तरुण. टेबलावर फाइल उघडी होती. दगडू शिसाळ भिंतीशी हात जोडून उभा होता. मी आत गेले तसा त्याचा चेहरा सैल झाला, आपलं माणूस आल्यासारखा.

“हा माणूस म्हणतो ती मुलगी ह्याची,” फौजदार म्हणाला. “ऑगस्टमध्ये म्हणतो ह्याची नाही, कारण गालावर तीळ. हा जबाब, हा अंगठा. आता म्हणतो तीळ नव्हता, फोटोवर शाईचा डाग होता, म्हणून फसलो. मी तिन्ही फोटो मागवले. मुख्यालयातलासुद्धा. बघा.”

तिन्ही फोटो स्वच्छ होते.

“ह्यात डाग कुठाय? मग त्या दिवशी ह्यानं काय बघितलं? सासरचे म्हणतात पोरगी पळून गेली, मिरज स्टेशनवर बघणारे दोन साक्षीदार आणतात. प्रेत पुरलेलं. लुगडं असं, की तसली बाजारात शंभर मिळतील. सगळी केस ह्या एका माणसाच्या ओळखीवर, आणि हा एकदा खोट्यावर अंगठा देऊन बसलेला. वकील पहिल्या दिवशी उडवून लावेल. डागाचा फोटो असता तर गोष्ट वेगळी होती.” तो आबांकडे वळला. “तेरदाळकर, तुमच्याकडून डागाचा फोटो आला होता का आमच्याकडे?”

“शक्य नाही,” आबा म्हणाले. “तीस वर्षं काम करतोय साहेब. डागाची प्रत माझ्या सहीनं बाहेर जात नाही.”

“ह्या तुमच्याच सह्या ना? बघून घ्या.”

आबांनी चष्मा लावला. पहिला फोटो पालथा केला, मान हलवली. दुसरा पालथा केला, मान हलवली. तिसरा पालथा केला.

तो त्यांनी बराच वेळ धरला. अंगठ्यानं सहीवरून हलकेच हात फिरवला. मी त्यांच्या मागे उभी होते. मला त्यांच्या मानेवरची शीर तेवढी दिसत होती. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं नाही.

“सही माझीच आहे,” आबा म्हणाले.

 दगडू माझ्याकडे बघत होता.

“त्या दिवशी काउंटरवर ही होती ना? खाड्यांनी लिहिलंय, आणि फोटो त्यांनी स्वतः निरखून बघितलाच नव्हता म्हणतात,” फौजदार म्हणाला. “काय हो ताई, फोटोवर डाग होता?”

खरं सांगायचं तर एवढंच म्हणायचं होतं, की होता. मग विचारलं असतं, कुठाय तो. जाळला. मग हा तिसरा कुणी केला, सही कुणाची. आणि आबा आत्ताच म्हणाले होते, माझी.

“नव्हता,” मी म्हटलं.

 दगडूनं माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे, आबांच्या हातातल्या त्या फोटोच्या पाठीकडे. त्याला वाचता येत नव्हतं. पण त्याला सगळं समजलं, असं मला वाटलं.

“लेक हाय न्हवं तुमची?” त्यानं आबांना विचारलं.

“होय,” आबा म्हणाले.

“एकलीच?”

“एकटीच.”

“मंग ऱ्हाऊ द्या, सायेब,” तो फौजदाराला म्हणाला. “मलाच भास झाला आसंल.”

ठाण्यापासून स्टुडिओपर्यंत आबा माझ्या दोन पावलं पुढं चालत होते. आत आल्यावर त्यांनी कोट खुंटीला लावला आणि म्हणाले, “पोलिसांचं काम आपण आता घ्यायचं नाही.” त्याविषयी ते पुन्हा कधीही बोलले नाहीत. मला रागावले असते तर बरं झालं असतं. दगडू पुढच्या गुरुवारी आला नाही, त्यानंतर कधीच नाही. आमच्या प्रतीचं पाकिट मी पेटीच्या तळाशी ठेवलं. ती प्रत त्याच्या घरी पाठवून द्यावी, असं कितीदा तरी मनात आलं. प्रत्येक वेळी वाटलं, आता कुठल्या तोंडानं.

आबा त्यानंतर एकोणीस वर्षं जगले. शेवटची चार वर्षं त्यांना दिसत नव्हतं. मी लग्न केलं नाही. लोकांना वाटायचं, वडिलांसाठी.

त्यांचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी ते पाकिट घेऊन शिसाळांच्या गावी गेले. आता सांगायला कुणाची आडकाठी नव्हती. ठाण्यात, कोर्टात, लागेल तिथं सांगायची तयारी करून गेले होते. मनात वाक्यं जुळवली होती.

दारात चाळिशीची बाई शेंगा फोडत बसली होती. फुलाच होती ती. मी नाव सांगितलं तशी ती उठून उभी राहिली. तात्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, म्हणाली. सासरचा थोरला, सगुणाचा नवरा, तोही मेला, दारूनं. सासूही गेली. फुला परत नांदायला गेली नव्हती. मुलगा तिथंच लहानाचा मोठा झाला होता, आता कारखान्यावर लागला होता.

“तात्यांनी सांगितलं होतं का तुम्हाला?” मी विचारलं.

“सगळं. शेवटाला सांगितलं.” ती दाराच्या आत बघत होती. “तुमच्यावर राग न्हवता त्येंचा. आयला मात्र न्हाई सांगितलं. सांगायचं हुतं, पर ठान्यातनं मागारी आले त्या दिशी ती म्हनाली, बगा, पोलीस बी म्हनाले ती न्हवं. त्येंच्यानं पुढं बोलवलं न्हाई.”

“कोन आलंय गं?” आतून आवाज आला.

“तालुक्याच्या फोटोवाल्या बाई, आये.”

हौसाबाई भिंतीला धरत बाहेर आल्या. फार वाकल्या होत्या. माझ्यासमोर खाली बसल्या आणि माझं मनगट धरलं. हात खरबरीत आणि गरम होता. मी दुसऱ्या हातानं पाकिट पिशवीत खाली खाली सारत होते.

“तुमी हुता न्हवं त्या दिशी? म्या पानी पेले तुमच्या हातचं.”

“होय, मावशी.”

“ही फुला म्हनती, वाट बघू नगं. सारं गाव म्हनतंय. एकुनीस वरसं झाली, म्हनत्यात, आसती तर आली नसती व्हय? पर म्या म्हनते, म्या माज्या कानानं ऐकलंय. ती पोर दुसऱ्या कुनाची हुती. तिच्या गालाव तीळ हुता.” त्यांनी माझं मनगट हलवलं. “तुमी सांगा हिला. हुता का न्हाई तीळ? तुमी बघितला न्हवं?”

फुला माझ्याकडे बघत होती. तिनं मान हलवली नाही, डोळ्यांनी खुणावलं नाही, काही नाही.

“होता,” मी म्हटलं. “मी बघितला.”